बुद्धिबळाच्या पटावरची वीस अंकी संख्या कागद-पेन्सिलीने कशी उलगडायची

ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. राजा बुद्धिबळाच्या खेळावर खूश होतो आणि तो शोधणाऱ्याला म्हणतो, माग काय हवं ते. तो म्हणतो, पटाच्या पहिल्या घरात एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जा. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या चरित्रकाराच्या लेखनात ही गोष्ट सापडते. राजाची कोठारं रिकामी होतात आणि सांगणारा तिथेच थांबतो. दाण्यांची संख्या येते ती अशी:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

गेल्या मे महिन्यात माझी नववीतली भाची सुट्टीला आली होती. तिने ही संख्या वहीत उतरवून घेतली, थोडा वेळ तिच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "मावशी, ही मूळ संख्या असेल का गं?" मी म्हटलं, शेवटी ५ आहे, म्हणजे नाही. "मग हिचे सगळे अवयव काढता येतील? कॉम्प्युटर न लावता?" येतात. आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. त्या तीन संध्याकाळी जे केलं तेच इथे पायरीपायरीने लिहिते आहे. आठवीपर्यंतचं गणित पुरेसं आहे. चौकटीची वही घ्या, कारण साध्या कागदावर वीस अंक एकाखाली एक सरळ राहत नाहीत. पेन्सिल आणि खोडरबर लागेलच.

लिहिण्याची एक सोय सांगते. २^६४ असं दिसलं की "२ चा ६४ वा घात" असं वाचा.

पहिली पायरी: संख्या नेमकी मिळवा

एवढ्या सगळ्या घरांची बेरीज एका दाण्याने होते. पहिल्या घरातल्या एका दाण्याशेजारी आणखी एक दाणा उसना ठेवा. दोन झाले, म्हणजे दुसऱ्या घराइतके. ते दुसऱ्या घरातल्या दोनांत मिळवा, चार झाले, म्हणजे तिसऱ्या घराइतके. असं सरकत गेलं की चौसष्टाव्या घरानंतर हातात बरोबर २^६४ दाणे असतात. उसना दाणा परत करा. एकूण दाणे २^६४ − १.

आता २^६४ काढायचा. चौसष्ट वेळा दुप्पट करत बसू नका, त्यात कुठेतरी हातचा विसरतोच. वर्ग करत चढा: १६ चा वर्ग २५६, त्याचा वर्ग ६५५३६, त्याचा वर्ग ४२९४९६७२९६. हा २^३२ झाला. शेवटचा वर्ग मोठा आहे, म्हणून संख्येचे दोन तुकडे करा, ४२९४९ आणि ६७२९६, आणि (अ + ब) च्या वर्गाचं सूत्र वापरा:

४२९४९ चा वर्ग = १८४४६१६६०१, पुढे दहा शून्यं
२ × ४२९४९ × ६७२९६ = ५७८०५९१८०८, पुढे पाच शून्यं
६७२९६ चा वर्ग = ४५२८७५१६१६

तिन्हींची बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा केला की आपली संख्या.

प्रत्येक वर्गानंतर नऊचा ताळा पाहा. माझ्या आजोबांच्या पिढीत हा ताळा पाहिल्याशिवाय हिशेबाची वही मिटत नसत, आणि आज तो शिकवलाच जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, आलेल्या उत्तराची पुन्हा, एक अंक उरेपर्यंत. ६५५३६ चा ताळा: ६+५+५+३+६ = २५, म्हणजे ७. वर्ग केला तर ४९, म्हणजे १३, म्हणजे ४. आता ४२९४९६७२९६ च्या अंकांची बेरीज ५८, म्हणजे १३, म्हणजे ४. जुळलं. पुढचा वर्ग: ४ चा वर्ग १६, म्हणजे ७. २^६४ च्या अंकांची बेरीज ८८, म्हणजे १६, म्हणजे ७. हेही जुळलं.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ही संख्या काढू नका. बहुतेक कॅल्क्युलेटर १.८४४६… असं दशांशात दाखवून शेवटचे अंक गिळतात. एक्सेल पंधरा अंकांनंतर शून्यं भरतं. आपल्याला शेवटचा प्रत्येक अंक हवा आहे, कारण पुढची कसोटी तिथूनच सुरू होते. पायथनसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मात्र ती पूर्ण मिळते, पडताळा हवा असेल तर तिथे घ्या.

दुसरी पायरी: मोठ्याने वाचा

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की ती अशी दिसते: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आता वाचायची कशी? भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त दहापट वाढत जाणाऱ्या स्थानांची अठरा नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपली संख्या वीस अंकी, म्हणजे ही यादीही दोन स्थानं कमी पडते. म्हणून वरचे तीन अंक एकत्र घेऊन असं वाचा: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश, ५. भाचीने हे पाठ करून सगळ्या घराला ऐकवलं. मोठ्याने वाचल्याचा खरा फायदा असा की प्रत्येक अंक आपापल्या जागी ओळखीचा होतो आणि उतरवताना चूक होत नाही.

किती मोठी, याचा अंदाज हवाच असेल तर तांदळाचे हजार दाणे २० ग्रॅम धरा. सगळे दाणे मिळून सुमारे ३६,९०० कोटी टन भरतात. भारतात वर्षाला सुमारे १४ कोटी टन तांदूळ पिकतो असं धरलं, तरी हा ढीग अडीच हजार वर्षांच्या पिकापेक्षा मोठा आहे.

तिसरी पायरी: छोट्या कसोट्या

२ चे घात २, ४, ८, ६ अशा शेवटच्या अंकांनी फिरत राहतात. ६४ ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून २^६४ च्या शेवटी ६ आणि आपल्या संख्येच्या शेवटी ५. म्हणजे ५ ने भाग जातो. शेवटचे दोन अंक १५, म्हणून २५ ने जात नाही.

अंकांची बेरीज ८७. तिला ३ ने भाग जातो, ९ ने नाही. म्हणजे ३ हा अवयव एकदाच येतो.

७, ११ आणि १३ या तिघांची कसोटी एकाच फटक्यात होते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आलटून पालटून अधिक-उणे करा:

६१५ − ५५१ + ७०९ − ०७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६

१०१६ ला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने ४, १३ ने २. तिघांपैकी कोणीच भागत नाही.

इथून पुढे १७, १९, २३ असं करत एकेक मूळ संख्या लावून बघावी असं वाटतं, आणि भाचीने तशी सुरुवात केलीही. १७ लागला, ती खूश झाली. मग १९ नाही, २३ नाही, २९ नाही, ३१ नाही. एक संध्याकाळ त्यातच गेली. मी मुद्दाम थांबवलं नाही, कारण या वाटेचा कंटाळा स्वतः अनुभवल्याशिवाय पुढच्या पायरीची गोडी कळत नाही.

चौथी पायरी: भागाकार सोडा, घडण बघा

मोठी संख्या समोर आली की ती कशी तयार झाली हे आधी विचारायचं. अंकांकडे बघितलं तर ही वीस अंकांची गर्दी आहे. घडणीकडे बघितलं तर ती एका वर्गातून एक वजा केलेली संख्या आहे, आणि आठवीतलं सूत्र सांगतं की अ^२ − १ = (अ − १)(अ + १).

२^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १)

पहिला कंस पुन्हा त्याच साच्यातला आहे. तो फोडा. त्यातला पहिला कंस पुन्हा फोडा. शेवटी उरतं:

(२ + १)(४ + १)(१६ + १)(२५६ + १)(६५५३६ + १)(४२९४९६७२९६ + १)

म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७. एका ओळीत, एकही भागाकार न करता, वीस अंकी संख्येचे सहा तुकडे झाले. भाची म्हणाली, "मग काल मला का नाही सांगितलंस?"

आता प्रत्येक तुकडा मूळ आहे का ते बघायचं. ३, ५, १७ उघड आहेत. २५७ साठी १६ पर्यंतच्या मूळ संख्या लावून बघा, एकही भागत नाही, म्हणून तीही मूळ. शेवटच्या दोघांसाठी एक युक्ती लागते. ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला पूर्ण भागते. म्हणजे २^३२ ला प ने भागलं की बाकी −१ (बाकी ऋण घेतली तरी चालते, एक कमी पडतो एवढाच अर्थ). वर्ग केला की २^६४ ची बाकी +१. आता २ च्या घातांच्या बाक्या लिहीत गेलं की त्या चक्रासारख्या फिरतात, १ आला की पुन्हा पहिल्यापासून. चौसष्टाव्या पायरीवर १ आहे, म्हणजे चक्राची लांबी ६४ ला भागणारी हवी. पण बत्तिसाव्या पायरीवर −१ आहे, १ नाही, म्हणजे लांबी ३२ किंवा तिच्या कुठल्याही विभाजकाइतकी असू शकत नाही. मग ती ६४च. आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा एक नियम सांगतो की या चक्राची लांबी प − १ ला नेहमी पूर्ण भागते. म्हणून प ही संख्या ६४ च्या पटीत एक मिळवून येणारीच असली पाहिजे. ६५५३७ साठी हाच विचार केला तर ३२ च्या पटीत एक.

६५५३७ आधी संपवू. तिचं वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे. तोपर्यंत ३२ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्या ३३, ६५, ९७, १२९, १६१, १९३, २२५. यात मूळ फक्त ९७ आणि १९३. भागून बघा: बाकी ६२ आणि ११०. दोन भागाकारांत सिद्ध झालं, ६५५३७ मूळ आहे.

पाचवी पायरी: ६४१

या पायरीवर घाई करू नका. गणितात मला सर्वांत जास्त आवडणाऱ्या जागांपैकी ही एक आहे.

३, ५, १७, २५७, ६५५३७ या सगळ्या मूळ निघाल्या. १६४० च्या सुमारास फर्माने हेच पाहिलं आणि पत्रातून कळवलं की या साच्यातली प्रत्येक संख्या मूळ असावी असा आपला विश्वास आहे. पुढची संख्या ४२९४९६७२९७. सुमारे नव्वद वर्षं कोणाला तिचा अवयव मिळाला नाही. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने तो दाखवला.

ऑयलरची यादी आता आपल्याही हातात आहे: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ नसलेल्या खोडा. उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. दहा अंकी संख्येला भागत बसायचीही गरज नाही. २^८ म्हणजे २५६ पासून सुरुवात करा, वर्ग करा, बाकी घ्या, पुन्हा वर्ग करा, पुन्हा बाकी घ्या. दोन वर्गांत २^३२ ची बाकी मिळते, तीत १ मिळवा. १९३ ला शेवटची बाकी येते १०९. २५७ ला २. ४४९ ला ३२५. ५७७ ला २८८. आणि आता ६४१ ला, सगळं लिहून:

२५६ चा वर्ग ६५५३६. ६४१ × १०२ = ६५३८२. बाकी १५४.
१५४ चा वर्ग २३७१६. ६४१ × ३७ = २३७१७.

इथे पेन्सिल थांबते. २३७१६ आणि २३७१७. एकाने कमी. म्हणजे बाकी −१, आणि २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. भाचीने हा गुणाकार तीनदा करून पाहिला, तिचा विश्वास बसेना. फर्मासारखा माणूस जिथे चुकला, ती जागा नववीतल्या मुलीला दोन ओळींत सापडते.

याच गोष्टीची एक आणखी देखणी मांडणी आहे, तिच्यात हिशेबही करावा लागत नाही. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा: ५ × २^७ + १, आणि ५^४ + २^४ (६२५ + १६). पहिल्यावरून, ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी +१. दुसऱ्यावरून, ५^४ च्या जागी −२^४ लिहिता येतं. तसं लिहिलं की −२^३२ ची बाकी +१ होते, म्हणजे २^३२ ची −१. झालं.

आता साधा भागाकार करा: ४२९४९६७२९७ ÷ ६४१ = ६७००४१७.

मग ६७००४१७ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास आहे. तिला भागणारी कुठलीही मूळ संख्या २^३२ + १ लाही भागते, म्हणून तीही ६४ च्या साच्यातली हवी. इथे फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्युका मदतीला येतो. एकोणिसाव्या शतकात त्याने दाखवलं की साचा आणखी घट्ट आहे, ६४ नव्हे तर १२८ च्या पटीत एक (६४१ = १२८ × ५ + १, पडताळून घ्या). २५८८ पर्यंत अशा वीस संख्या येतात आणि त्यात मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. ६७००४१७ ला यांनी भागल्यावर बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही. साध्या पद्धतीने गेलो असतो तर पावणेचारशेच्या आसपास मूळ संख्या लावून बघाव्या लागल्या असत्या. इथे पाच पुरल्या.

हाच ल्युका १८८३ मध्ये एक कोडं बाजारात आणतो. काशीच्या देवळात चौसष्ट सोन्याच्या चकत्या एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर, तिसऱ्या खुंटीच्या मदतीने, एका वेळी एकच आणि लहान चकतीवर मोठी न ठेवता हलवल्या जात आहेत, अशी कहाणी त्याने त्याला जोडली. सगळ्या चकत्या हलवायला कमीत कमी किती चाली लागतात? बरोबर आपलीच संख्या. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,५०० कोटी वर्षं.

सहावी पायरी: सगळं जोडून ताळा

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

नऊचा ताळा: सात अवयवांचे ताळे ३, ५, ८, ५, २, ८, ७. गुणत जा आणि प्रत्येक वेळी एक अंकावर आणा: ६, ३, ६, ३, ६, ६. आपल्या वीस अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८७, म्हणजे १५, म्हणजे ६. जुळलं.

पण नऊच्या ताळ्याची एक उणीव लक्षात ठेवा. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले तर बेरीज तीच राहते आणि चूक निसटते. वीस अंक उतरवताना नेमकी तीच चूक जास्त होते. म्हणून अकराचा ताळाही पाहा, तो ती पकडतो. अवयवांना ११ ने भागल्यावर बाक्या: ३, ५, ६, ४, ३, १०, ९. गुणत आणि ११ ने भागत जा: ४, २, ८, २, ९, ४. तिसऱ्या पायरीत आपल्या संख्येची बाकी ४ आली होती. दोन्ही ताळे जुळले.

सातवी पायरी: अवयव हाती आल्यावर

आता एकेक गुणधर्म जवळजवळ फुकट मिळतो.

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयव एकदाच आला आहे, म्हणून विभाजक तयार करताना प्रत्येकाला घ्यायचं किंवा सोडायचं एवढेच दोन पर्याय. २^७, म्हणजे १२८ विभाजक. सगळ्या विभाजकांची बेरीज हवी असेल तर प्रत्येक अवयवात एक मिळवून गुणाकार करा: ४ × ६ × १८ × २५८ × ६४२ × ६५५३८ × ६७००४१८. हा गुणाकार आपल्या संख्येच्या सुमारे १.७०३४ पट येतो. त्यातून ती संख्या स्वतः वगळली तर ०.७०३४ पट. परिपूर्ण संख्येत, जसं ६ किंवा २८, हे गुणोत्तर बरोबर १ असतं. आपली संख्या त्याहून बरीच खाली आहे.

तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे १ सोडून तिच्याशी एकही सामाईक विभाजक नसलेल्या, लहान संख्या किती? इथे प्रत्येक अवयवातून एक वजा करून गुणा. पण आधी ६४१ आणि ६७००४१७ बाजूला ठेवून फक्त पहिले पाच घ्या, म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५. एक वजा केलेले अवयव २, ४, १६, २५६, ६५५३६, सगळे २ चेच घात, आणि त्यांचा गुणाकार २^३१ = २१४७४८३६४८. ४२९४९६७२९५ च्या निम्म्यापेक्षा हा फक्त अर्ध्याने जास्त आहे! आता उरलेले दोन अवयव आत घेतले की प्रमाण निम्म्याच्या खाली सरकतं, सुमारे ४९.९२ टक्क्यांवर. सरकवतो तो मुख्यतः ६४१.

हाच ६४१ भूमितीतही आड येतो. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउस या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की फक्त पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या साच्यातल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराची असली पाहिजे. ही अट आवश्यकच आहे हे वांत्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं. अशा मूळ संख्या आजवर पाचच माहीत आहेत, म्हणून माहीत असलेला सर्वांत मोठा विषम बाजूंचा असा बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा. आपल्या वीस अंकी संख्येइतक्या बाजूंचा बहुभुज पट्टी-कंपासने निघत नाही, कारण तिच्या पोटात ६४१ आहे.

वर्ग आहे का? नाही, आणि हे शेवटच्या तीन अंकांवरून कळतं. ६१५ ला ८ ने भागलं की बाकी ७, तर विषम वर्गाची बाकी नेहमी १ असते. ही बाकी ७ आणखीही सांगते: अशी संख्या तीन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, चार वर्ग लागतातच. चार नेहमी पुरतात हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं आहे.

हर्षद संख्या आहे का? ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला हे नाव देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिलं. 'कापरेकर स्थिरांक' म्हटल्या जाणाऱ्या ६१७४ या संख्येमुळे आपण त्यांना ओळखतो. कुठल्याही संशोधन संस्थेबाहेर राहून, केवळ अंकांच्या प्रेमापोटी त्यांनी आयुष्यभर हे काम केलं. आपल्या अंकांची बेरीज ८७ = ३ × २९. ३ आपल्याकडे आहे, २९ सात अवयवांत नाही. म्हणून हर्षद नाही. वीस अंकी भागाकार न करता उत्तर मिळालं.

त्रिकोणी संख्या आहे का? म्हणजे १ + २ + ३ + … अशी बेरीज करत गेलं तर कुठेतरी ही संख्या येते का? संख्येला ८ ने गुणून १ मिळवला आणि पूर्ण वर्ग आला, तर ती त्रिकोणी. आपल्या बाबतीत ८ × (२^६४ − १) + १ = २^६७ − ७. आता प्रश्न असा की २^६७ − ७ वर्ग आहे का. या एकवीस अंकी संख्येचं वर्गमूळ काढायला बसू नका. १९१३ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांनी हाच प्रश्न मांडला होता: २ च्या कुठल्या घातातून ७ वजा केले की पूर्ण वर्ग मिळतो? ३, ४, ५, ७ आणि १५ हे घात त्यांना सापडले (८ − ७ = १, १६ − ७ = ९, ३२ − ७ = २५, १२८ − ७ = १२१, ३२७६८ − ७ = ३२७६१ = १८१ चा वर्ग). याशिवाय एकही नाही, हे नॉर्वेच्या नागेलने १९४८ मध्ये सिद्ध केलं. ६७ त्यात नाही. त्रिकोणी नाही.

बायनरीत लिहिली तर ही संख्या म्हणजे ओळीने चौसष्ट १. म्हणूनच कॉम्प्युटरच्या ६४ बिटच्या खणात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच. आणि तिच्या खालची सर्वांत जवळची मूळ संख्या हवी असेल तर ५८ मागे जा: १८४४६७४४०७३७०९५५१५५७.

आठवी पायरी, तुमच्यासाठी

पट आणखी एक चौसष्ट घरांनी वाढवला तर दाणे २^१२८ − १. आपली सातही अवयवांची यादी तशीच राहते आणि तिला फक्त २^६४ + १ जोडली जाते, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. ल्युकाच्या नियमाने तिचे मूळ अवयव २५६ च्या पटीत एक मिळवून येतात. २७४१७७ = २५६ × १०७१ + १ हा त्यातला एक. ६४१ साठी केलं तसंच करा: ६५५३६ पासून सुरुवात करा, वर्ग, बाकी, पुन्हा वर्ग, बाकी. बाकी −१ आली पाहिजे. मग भागाकार करा, ६७२८०४२१३१०७२१ येतं. नऊचा ताळा: १ × ८ = ८, आणि मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज ८९, म्हणजे १७, म्हणजे ८. अकराचा ताळा तुम्ही करा.